शंभरातल्या तीन-चारच पास!

गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एकाचा गुडघा फुटला आणि दोन दिवसांत त्यात पू झाला. "बाई, पू म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "जंतूंशी लढता लढता मेलेले तुझेच शिपाई. रक्तातल्या पांढऱ्या पेशी!" त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सगळे शिपाई सारखेच असतात का?"

प्रश्न झकास होता. म्हणून आजची गोष्ट.

सगळ्या पांढऱ्या पेशींची आई एकच, हाडांच्या आतल्या मगजातली मूळपेशी. तिची बरीचशी लेकरं तिथेच वाढतात आणि सरळ रक्तात उतरतात. पुवातले शिपाई बहुतेक असेच. पण काहींना चक्क शाळेत जावं लागतं. छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवा पाहू! त्याच्या मागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी आहे. तीच ही शाळा. तुमची थायमस माझ्यापेक्षा मोठी बरं का! वयात आल्यावर ती आक्रसत जाते. ती नेमकी कशाला असते हे १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस त्यांनी काढली, तर ती पिल्लं रोगांपुढे पार दुबळी ठरली.

या शाळेत परीक्षा दोन. शरीरातल्या पेशी अंगावर जे ओळखपत्र मिरवतात ते तुला वाचता येतं का? आणि घरच्याच माणसांवर तू धावून जात नाहीस ना? नापास झाला की मेलाच. शंभरातले जेमतेम तीन-चार बाहेर पडतात. मी शिक्षिका आहे, असला निकाल लावायचा तर माझा हात थरथरेल. पण तिथे ढिलाई झाली तर हेच शिपाई आपलंच शरीर झोडपून काढतील. पास झालेल्या त्या टी पेशी, थायमसमधला 'टी'. कुणी रोगट पेशींना ठार मारणाऱ्या, कुणी इतरांना मदत करणाऱ्या, तर काही 'अरे, आता पुरे' म्हणून आवरणाऱ्या.

कर्करोगाची पेशी मात्र घरचीच, बिघडलेली. तिच्यापुढे हे शिपाई पुष्कळदा फसतात. अमेरिकेतल्या एमिली व्हाइटहेडला पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. औषधं हरली. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात तिच्याच टी पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत एक नवा जनुक घातला. त्यामुळे पेशींच्या अंगावर एक आकडा उगवला. कर्करोगाच्या पेशींवरच्या ठरावीक खुणेला धरणारा! पेशी परत सोडल्या आणि आत असं काही युद्ध पेटलं की एमिली तापाने फणफणली, बेशुद्ध झाली, श्वासाला यंत्र लावावं लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. एक रसायन भलतंच वाढलेलं. त्याला अडवणारं औषध होतं, पण संधिवाताचं! तेच दिलं. काही तासांत ताप उतरू लागला. ती जागी झाली तो तिचा सातवा वाढदिवस होता. पुढच्या तपासणीत कर्करोग सापडला नाही. २०२२ साली त्याला दहा वर्षं झाली.

पण एखाद्याकडे पुरेशा धडधाकट टी पेशीच नसल्या तर? मग शाळाच बशीत भरवायची! थायमसमध्ये शिरलेल्या पेशीवर 'नॉच' नावाची एक कळ असते. शेजारच्या पेशींवरचं एक प्रथिन ती दाबतं, तेव्हाच पेशी 'टी'ची वाट धरते. (नॉच म्हणजे खाच. हे नाव आलंय पंखांना खाचा पडलेल्या एका माशीवरून!) २००२ साली टोरंटोच्या शास्त्रज्ञांनी बशीतल्या पेशींवर ते प्रथिन बसवलं, आणि उंदराच्या मूळपेशी थायमसशिवाय टी पेशी होऊ लागल्या. पुढे माणसाच्या पेशींवरही हे जमलं. अनेकांना चालतील अशा तयार पेशी बनवण्याची खटपट चालू आहे.

आकडा बसवण्याची विद्या आपल्या मुंबईतही आली. आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून घडवलेल्या उपचाराचं लोकार्पण राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ४ एप्रिल २०२४ रोजी केलं.

आणि हो, आमच्या गड्याच्या गुडघ्यावर आता खपली धरलीय. सारखी उकरतोय!