सरप्राइज, सतरा चाव्या आणि बाबा

प्रमोशनचं पत्र हातात पडलं त्या रात्री मी दोन गोष्टी केल्या. ऑफिसच्या गँगला पार्टी कबूल केली आणि बाबांसाठी क्लॅरोनेट शोधायला बसले. (डिक्शनरीत 'क्लॅरिनेट' आहे, माहितेय मला! पण आमच्या घरात आणि बाबांच्या बॅण्डमध्ये ती कायम 'क्लॅरोनेट'च.)

बाबा दिवसा प्रेसमध्ये बायंडिंग करायचे आणि लग्नसराईत, गणपतीत बॅण्डमध्ये वाजवायचे. चाळीस वर्षं. वाद्य एकच, तेही सेकंडहॅण्ड घेतलेलं. त्याची एक चावी रबरबॅण्डने धरून ठेवलेली, सांध्याला दोरा गुंडाळलेला. दरवर्षी म्हणायचे, 'यंदा नवीन बघू.' मग एका वर्षी माझी फी निघायची, दुसऱ्या वर्षी दादाचं लग्न. तुमच्याही घरात असं एखादं 'यंदा बघू' असेलच.

तर मंडळी, ठरलं. सरप्राइज द्यायचं!

जर्मनीतल्या एका मोठ्या दुकानाच्या साइटवर मला 'ती' दिसली. काळंभोर लाकूड, चांदीसारख्या चाव्या. किंमत 1,190 युरो. छातीत धस्स झालं. पण 'देश' या रकान्यात 'भारत' निवडलं आणि काय आश्चर्य, आकडा झाला 1,000! युरोपातल्या किमतीत तिकडचा व्हॅट धरलेला असतो. जर्मनीत तो 19 टक्के. माल युरोपबाहेर जाणार असेल तर तो वजा होतो. मला वाटलं, केवढी मोठी लॉटरी लागली. आता कळतंय, तो नुसता इंटरव्हल होता.

कारण तिकडचा टॅक्स सुटतो आणि इकडचा सुरू होतो. आपली कस्टम्स ड्यूटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, पार्सलचं भाडं आणि विमा अशी बेरीज करून तिच्यावर लागते. त्या ड्यूटीवर अधिभार आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे टॅक्सवरही टॅक्स! शिवाय परकीय चलनात पैसे भरले म्हणून माझ्या क्रेडिट कार्डाने साडेतीन टक्के कापून घेतले, ते वेगळेच. सगळं धरून किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम वर गेली. ऑफिसमधल्या एका हुशार मित्राने सुचवलं होतं, 'तिकडच्या कुणालातरी गिफ्ट म्हणून पाठवायला सांग.' पण परदेशातून येणाऱ्या पाच हजारांपर्यंतच्या गिफ्टची सवलत डिसेंबर 2019 मध्येच बंद झालीय. आणि लाखाची वस्तू पाच हजारांची म्हणून दाखवणं याला 'जुगाड' नाही, खोटं बोलणं म्हणतात.

मध्ये एकदा लाकडाचंही टेन्शन घेऊन झालं. हे लाकूड आफ्रिकेतलं, ग्रेनाडिला. आपल्या शिसवाचं भावंडच. या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 मध्ये 'साइटिस' कराराखाली बंधनं आली आणि जगभरचे वादक परमिटच्या मागे धावायला लागले. सुदैवाने नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हुश्श!

जानेवारीत पार्सल आलं. कुरिअरवाल्याला केवायसीसाठी कागदपत्रं पाठवून झाली होती, ड्यूटी भरून झाली होती. मी खोकं बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी हात धुतले, पुसले आणि मगच केस उघडली. पण वाद्याला हात लावला नाही. म्हणाले, 'थंडीतून आलीय. उद्यापर्यंत राहू दे घरात.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जोडली आणि एकच सूर लावला. खालचा, लांबलचक. घर भरून गेलं. 'गोड आहे गं,' म्हणाले आणि पुसून ठेवून दिली. मी त्या रात्री एवढी खूश होते की विचारू नका.

नंतर रोज संध्याकाळी बाबा ती घेऊन गच्चीवर जायचे. पंधरा मिनिटांत खाली. ऐकू यायचे ते नुसते सुटे सूर. गाणं एकही नाही. मला वाटलं, लाजतायत. दुसऱ्या रविवारी चहा घेऊन वर गेले, तर मांडीवर जुनी क्लॅरोनेट, हातात नवी, आणि करंगळी हवेत चावी शोधतेय. जिथे चावीच नव्हती तिथे.

'बोटं जात नाहीत गं हिच्यावर,' बाबा म्हणाले. चूक त्यांची असल्यासारखे.

मग मला पहिल्यांदाच कळलं की क्लॅरोनेटमध्येही घराणी असतात. बाबांची अल्बर्ट पद्धतीची. ब्रुसेल्सच्या अल्बर्ट नावाच्या कारागिराची, तेरा चाव्यांची. मी मागवलेली बोएम पद्धतीची. पॅरिसमध्ये क्लोझे नावाचा वादक आणि ब्यूफे नावाचा कारागीर यांनी मिळून बनवलेली, 1844 मध्ये पेटंट घेतलेली, सतरा चाव्यांची. सूर तेच, पण ते काढायची बोटं वेगळी. कीबोर्डवरची अक्षरं रातोरात हलवून ठेवा आणि मग टाइप करा, तसं. त्यातून चाळीस वर्षं बाबांची बोटं डोक्याला न विचारता चालत आलेली. साइटवर 'बोएम' आणि 'जर्मन' असे दोन पर्याय होते. मला वाटलं, बोएम ही कंपनी असेल! बाबांच्या वाद्याचा गुपचूप फोटो काढून मी 'बी-फ्लॅट' तेवढं जुळवलं होतं. चाव्या मोजल्याच नव्हत्या.

'मला विचारलं असतंस तर मेरठहून मागवली असती,' बाबा म्हणाले. बॅण्डची वाद्यं तिथेच तर बनतात.

परत पाठवायची म्हटली तर भाडं माझ्याच माथी आणि इथे भरलेली ड्यूटी काही ते दुकान देणार नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम 74 नुसार माल परत निर्यात केला तर 98 टक्क्यांपर्यंत ड्यूटी मागता येते. पण वापरलेल्या मालाला कमी, आणि कागदपत्रं एवढी की त्यापेक्षा प्रमोशन मिळवणं सोपं. शेवटी पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या कॉलेजच्या एका मुलाला ती विकली. तोट्यात. आणि बाबांची जुनी क्लॅरोनेट पेठेतल्या एका कारागिराकडे नेली. नवे पॅड, नव्या स्प्रिंगा, सांध्यांना नवं बूच. खर्च माझ्या ड्यूटीच्या पाव हिश्श्याएवढासुद्धा नाही. रबरबॅण्ड बाबांनी जपून ड्रॉवरमध्ये ठेवलाय!

तेव्हा परदेशातून वाद्य जरूर मागवा. पण भाडं, विमा, ड्यूटी धरून एकूण आकडा आधी काढा आणि परतीच्या अटी 'ऑर्डर' दाबण्याआधी वाचा. आणि ते दुसऱ्या कुणासाठी असेल तर सरप्राइजचा मोह सोडून त्या माणसाला विचारा. मी तीन आठवडे साइटवरचे रिव्ह्यू वाचले. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस पलीकडच्या खोलीत बसला होता, त्याला एक प्रश्न विचारला नाही. विचारलं असतं तर पैसे वाचले असतेच, पण 'यंदा बघू'वाली ती गोष्ट आम्ही दोघांनी मिळून बघितली असती.

तो मुलगा क्लॅरोनेट न्यायला आला तेव्हा बाबांनी ती स्वतः पुसून केसमध्ये ठेवली. तो जिना उतरायला लागला तशी वरून हाक मारली, 'अरे, अजून दोनेक आठवडे रोज पंधरा मिनिटंच वाजव हं. लाकूड नवीन आहे, एकदम वाजवलीस तर तडकेल.'

गच्चीवरची ती रोजची पंधरा मिनिटं कशासाठी होती, ते मला तेव्हा कळलं.