नवं इंजिन, जुने ब्रेक

धुळ्याचा पुतण्या परवा जळगावला आला होता. दादांच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये त्याला बोलेरोचं नवं डिझेल इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स बसवायचाय. "काका, लळिंगचा घाट टॉपवर चढेल!"

म्हटलं, "अरे, पण उतरताना?" त्या जीपचे चारही ब्रेक ड्रमचे, तीन गियरच्या वेगाला बेतलेले.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार अमान्य केले. आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडणार कोण?

माझं मत सरळ आहे: जुनंच इंजिन उतरवून नीट बांधून घ्यावं. दादांनी जीप चाळीसच्या वर कधी नेली नाही, म्हणून तर ती अजून आहे.

पुतण्या रुसून गेलाय. येईल फोन.