वर्षे मोजून न्यायाधीशांचे काम संपत नाही

न्यायाधीश मवाळ झाले म्हणून गुन्हेगार सोकावले, हे मत हल्ली चावडीपासून विधिमंडळापर्यंत ऐकू येते. मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीखाली दोन जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा या मताला पुरावाच सापडल्यासारखे झाले. लोकांचा संताप रास्त होता. पण निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. त्यावरून तुरुंगवास वाढवला की गुन्हे घटतात, असे सिद्ध होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपले बहुतेक न्यायाधीश शिक्षेकडे वर्षांचा आकडा म्हणूनच पाहतात. आकडा लिहिला की फाइल मिटते. त्या वर्षांत त्या माणसाचे काय होणार, हा प्रश्न तुरुंग खात्याचा ठरतो.

हा प्रश्न न्यायदानातलाच आहे, याचा दाखला आपल्या माणदेशात आहे. म्हसवडहून दिघंची ओलांडून आटपाडीला गेले की जवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने १९३९ च्या सुमारास ही खुली वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदीही तिथे भिंतीविना राहिले, दुष्काळी रानात राबले, बायकामुलांसह संसार करत शिक्षा भोगत राहिले. तालुक्यातल्याच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट सर्वांच्या लक्षात राहिला, वसाहत मात्र मोजक्या कैद्यांपुरतीच उरली. तिथे कोणाला पाठवायचे हे तुरुंग प्रशासन ठरवते, तेही शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात गेल्यावर. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा त्यात हात नसतो.

कोणी म्हणेल, निवडक, शांत कैदी पाठवले तर प्रयोग यशस्वी होणारच. आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच ही निवड लवकर आणि उघडपणे, दोन्ही बाजू ऐकून व्हायला हवी, आणि तशी जागा न्यायालयाखेरीज दुसरी नाही. कायदाही न्यायाधीशाला आकड्यापुरते बांधत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाट दिली. ती पात्र आरोपीला नाकारायची तर खास कारणे लिहा, असे फौजदारी प्रक्रिया संहितेने १९७३ मध्ये बजावले. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे स्वतंत्रपणे ऐका, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठणकावले. तरी ही सुनावणी पुष्कळदा निकालाच्याच दिवशी ‘घरी म्हातारे आईबाप आहेत, दया करावी’ एवढ्या दोन ओळींत आटोपते. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला तर आरोपीचे घर, कर्ज, व्यसन, कामधंदा यातले काही तरी समोर येईल.

नव्या न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून मोजक्या किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली, चोरीला मात्र तीही चिंचोळ्या दारातून: पहिलीच चोरी, किंमत ५,००० रुपयांच्या आत आणि माल परत केलेला. माणदेशात एवढ्यात धड बोकड येत नाही! म्हणजे बोकडचोराला हे दार बंदच.

धाकाचा मुद्दा उरतोच. धाक बसतो तो पकडले जाऊ आणि निकाल लागेल या खात्रीने. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. जिथे निकालच रखडतो, तिथे कलमातली वर्षे वाढवून कोण घाबरणार? सर्वांत जड आक्षेप पीडितांचा आहे: ज्याचा मुलगा गेला त्याने गुन्हेगाराचा संसार फुललेला का पाहावा? या वेदनेला उत्तर देताना आवाज खालीच ठेवावा लागतो. पण नुसत्या आकड्याने त्या घरालाही काही मिळत नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात झालाच पाहिजे आणि तो केल्याचे निकालात दिसले पाहिजे. कैद्याच्या मजुरीतला वाटा पीडितांसाठी राखण्याची दिशाही त्याच न्यायालयाने १९९८ मध्ये दाखवली होती. शेतात राबून कमावणाऱ्या कैद्याकडून हा वाटा वसूल होऊ शकतो. तो किती, कोणाला आणि कोणत्या मुदतीत द्यायचा, हे वर्षांच्या आकड्याशेजारी लिहायला सातारा-सांगलीच्या न्यायाधीशांना कोणाच्या नव्या परवानगीची गरज नाही.