पाव पिक्सेलचा दिमाख
कॅमेरा कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याची फोकल लेंथ वगैरे फोटोंवरून हिशेबाने काढली, की संगणक आकडा देतो: रिप्रोजेक्शन एरर (हिशेबाने आलेले आणि फोटोत दिसलेले बिंदू यांतलं अंतर) ०.२५ पिक्सेल. मंडळी खूश! पण ज्या फोटोंवरून हिशेब केला, त्यांच्यावरच चूक मोजणं म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासणं. झेंगयू झांग यांच्या २००० सालच्या कॅलिब्रेशनच्या पद्धतीला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा छापील कागद पुरतो. मात्र तो सपाट हवा, आणि निरनिराळ्या कोनांत तिरका धरायला हवा. सगळे फोटो अगदी समोरून काढले, तर फोकल लेंथ आणि कागदाचं अंतर यांची सरमिसळ होते, आकडा मात्र गोंडसच राहतो. फ्रेमच्या कडेकोपऱ्यांत चौकटी नेल्याच नाहीत, तर भिंगामुळे तिथे येणारा वाकडेपणा निव्वळ अंदाजपंचे. माझं ऐकाल तर चार-दोन फोटो हिशेबाबाहेर ठेवा, चूक त्यांच्यावर मोजा. आणि पाटीवर डकवलेला कागद कुठे फुगलाय का, तेही बोट फिरवून बघा.