वीज गेली म्हणून तीन मासे गेले, पुढचे पाच माझ्यामुळे



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे निळसर उजेडाची काचेची टाकी दिसत होती, तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. "सर, खर्च किती आला?" "सर, यात धंदा आहे का?" यात किती मासे मेले, हे मात्र एकानेही विचारलं नाही. आज तेच सांगतो. कारण पडझड झाल्यावर माणूस स्वतःचं आणखी नुकसान कसं करून घेतो, हे मला कुठल्या कोर्समध्ये नाही, या दोनशे लिटर खाऱ्या पाण्यात कळलं.

आधी टाकी चालते कशी ते बघा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचं पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वस्ती दगडांवर, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. नुसते दगड आणि खारं पाणी. घरचे विचारतात, "हे दगड बघायला एवढे पैसे घातलेस?" गाळा भाड्याने घेऊन परवान्याची वाट बघत ज्यांनी शटर बंद ठेवलंय, त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो. तिथे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

माझी टाकी वर्षभर छान चालली. मग मे महिन्यातल्या एका रात्री साडेअकराला वीज गेली, ती सकाळी सहाला आली. आम्ही झोपलेलो. पंप बंद, पाणी हलायचं थांबलं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात गोड्यापेक्षा कमी विरघळतो, पाणी गरम असेल तर आणखी कमी. त्यात माझा फिल्टर बंद डब्याचा, ज्याला कॅनिस्टर म्हणतात. साडेसहा तास त्यात पाणी नुसतं कोंडून राहिलं, आतले जिवाणू गुदमरले, आणि सकाळी वीज येताच पंपाने ते कुजकं पाणी थेट टाकीत ढकललं. अशा वेळी फिल्टर आधी सोडवून, रिकामा करून मग चालू करायचा असतो. मला ते माहीत नव्हतं. सात वाजता दोन डॅमसेल तळाशी पडलेले. टँग दगडामागे होता, तो दुपारी सापडला.

इथपर्यंत दोष विजेचा म्हणा. पुढचा सगळा माझा.

त्या दिवशी मी काय काय केलं बघा. पाऊण टाकी पाणी बदललं, तेही तासाभरापूर्वी मीठ घालून ढवळलेलं. त्याची अल्कलिनिटी मोजलीच नाही. जुन्या पाण्याची सातच्या आसपास होती, नव्याची अकरा निघाली. दिवसाला एकाहून जास्त फरक पडू देऊ नये म्हणतात, मी चाराचा फरक एका दुपारी पाडला. वाळू काढून नळाखाली धुतली, फिल्टरचा स्पंजही धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही मीच मारले. शिवाय दुकानातून आणलेल्या दोन बाटल्या ओतल्या, ज्यांवरचं लेबलसुद्धा नीट वाचलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा वाटलं, आज खूप काम केलं.

तिसऱ्या दिवशी अमोनिया वर. दहा दिवसांत आणखी पाच मासे गेले. दगडावरचे मश्रूम जातीचे मऊ जीव आकसले आणि त्यातले दोन विरघळून गेले. बरं, इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर नेमकं कशाने काय झालं, हे कळायचा मार्गच उरला नाही. पाण्याने? मिठाने? बाटलीने?

"अपयश ही यशाची पहिली पायरी" असं भिंतीवर लावणाऱ्यांशी माझं भांडण इथे आहे. पायरी वगैरे काही नसते. अपयशात पैसे जातात, आणि माझ्या बाबतीत आठ जीव गेले जे माझ्या भरवशावर होते. त्याहून वाईट म्हणजे अशा वाक्यांमुळे माणसाला लगेच उठून पळावंसं वाटतं. हातपाय हलवले की आपण सावरतोय असा भास होतो.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं सांगतो. फराळाचा व्यवसाय. एका दिवाळीत चकली खवट लागल्याच्या तक्रारी आल्या. ताईंनी एका आठवड्यात तेल बदललं, भाजणी दळणारा बदलला, पाकीट बदललं आणि वर भाव वीस टक्के कमी केला. तक्रारी थांबल्या. पण कशामुळे थांबल्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही, आणि कमी केलेला भाव परत वर नेता आलेला नाही. त्या दिवशी त्यांना बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण मी नुकतीच वाळू धुतली होती.

मग टाकी सावरली कशी? कंटाळवाणी गोष्ट आहे. वाचलेले दोन क्लाऊनफिश एका मित्राच्या टाकीत पाहुणे म्हणून पाठवले. एक वही केली. रोज रात्री नऊला तपमान, खारटपणा, अमोनिया, आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी मिसळून, मोजून. आणि एका आठवड्यात एकच बदल. पहिले काही आठवडे दगडांवर तपकिरी थर आला, मग हिरवं शेवाळ. टाकी इतकी घाण दिसायची की बायकोने पाहुणे येण्याआधी वर चादर टाकायला सुरुवात केली. हात शिवशिवायचे, काहीतरी ओतावंसं वाटायचं. नाही ओतलं. चौथ्या महिन्यात दगडावर गुलाबी ठिपके दिसले, तेव्हा क्लाऊनफिश घरी आणले.

बंद करायचा विचार आला का? आला. सरळ सांगतो, टाकी विकून टाकली असती तरी त्यात लाज नव्हती. फक्त तो निर्णय मेलेला मासा हातात असताना घ्यायचा नाही, एवढं मी ठरवलं. वहीत तारीख लिहिली. तोवर अमोनिया शून्यावर आला नाही तर विकायची.

हे फक्त हौशी लोकांचं होतं असंही नाही. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन मत्स्यालयाचा जनरेटर टिकला नाही आणि तिथले बहुतेक मासे मेले. ते पुन्हा उघडलं २००६ च्या उन्हाळ्यात. एवढी मोठी संस्था, तरी मध्ये कित्येक महिने गेले. मग आपण गाळ्यात पाणी शिरल्यावर पुढच्या सोमवारी उद्घाटन का ठरवतो?

"धंदा आहे का" विचारणाऱ्यांसाठी एकच. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढून विकणं गुन्हा आहे. कुणी "मिळवून देतो" म्हणालं तर दोन पावलं मागे या.

आता टाकीशेजारी चाळीस लिटर तयार खारं पाणी झाकून ठेवलेलं असतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम. पंप इन्व्हर्टरवर घेतलाय, आणि वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप वेगळा. सगळं मिळून खर्च त्या आठ माशांच्या किमतीपेक्षा कमी आला, हे लिहितानाही जरा टोचतं. ताईंनीही यंदा वही घातली आहे. भाजणी तीच, तेल तेच, या वेळी बदललंय फक्त पाकीट. दिवाळीनंतर त्या आकडे घेऊन येणार आहेत, तेव्हा त्यांच्या परवानगीने व्हिडिओ करू.