भाच्याचा शिकारी कॅम्प आणि आपला कॅम्प

गेले दोन महिने आमच्या घरात एका विषयावरून धुसफूस चालू आहे. म्हटलं, ग्रुपवर मांडावं. इथं बहुतेक सगळे पेन्शनर, निवांत वाचाल.

माझा भाचा जोहान्सबर्गला असतो. यंदा जुलैत सगळ्यांना तिकडं बोलावलंय. बहीण, मी, आमची ही आणि त्याचं कुटुंब. त्याच्या मुलाला सोळावं लागलंय आणि त्याच्या डोक्यात शिकारीचं खूळ शिरलंय. वर्गातले मित्र बापाबरोबर जाऊन हरीण मारून आलेत. मग भाच्यानं मला तीन कॅम्पची माहिती धाडली आणि खाली लिहिलं, "मामा, तुम्ही बँकेतले. कागद बघून सांगा, कुठलं बुक करू?"

पहिल्याच दिवशी मी कळवलं, शिकार असेल तर मी येत नाही. त्यावर पोराचा फोन. "आजोबा, तुम्ही दर रविवारी मटण खाता ना?" आता काय सांगायचं? खातो की. कॅम्पात जन्म गेला, पिशवी घेऊन रविवारी सकाळी रांगेत उभा राहणारा माणूस मी. त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून कागद नीट वाचायला घेतले. आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणं वाचलीत, हेही एक प्रकरणच समजलो.

पण त्याआधी आमच्या घरची एक गोष्ट सांगतो, नाहीतर माझं म्हणणं कळायचं नाही.

माझे वडील कॅम्पातल्या एका दुकानात हिशेब लिहायचे. साहेबलोक खानापूरच्या जंगलात शिकारीला निघाले की त्या दुकानातून पेटारे भरून जायचे. डब्यातली बिस्किटं, सोड्याच्या बाटल्या, मेणबत्त्या, रॉकेल. वडील सगळं खात्यावर मांडायचे आणि महिनाअखेर वसुलीला बंगल्यांवर जायचे. तिथं व्हरांड्यात सांबराची शिंगं टांगलेली असायची, ते बरेचदा सांगायचे. साहेब गेले तरी शिकार थांबली नाही. परवाना काढून आपलेच लोक जाऊ लागले.

माझं आजोळ खानापूरच्या पलीकडं, रानाला लागून. मोठे मामा हाक्याला जायचे. हाका म्हणजे, नव्या पिढीसाठी सांगतो, गावच्या माणसांनी डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवायचं आणि जनावर बंदूकवाल्याच्या अंगावर घालायचं. बंदूकवाला माचाणावर. मजुरी आठ आणे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका हाक्यात डुक्कर उलटलं आणि मामाची मांडी फाडली. पाहुणे डुक्कर घेऊन गाडीतून गेले. मामाला बैलगाडीतून खानापूरला न्यावं लागलं. पुढं तीस वर्षं मामा लंगडत चालला. त्या दिवसाचे आठ आणे मात्र मिळाले, आजी ते कुत्सितपणे सांगायची.

तेव्हा शिकार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं वाघ येत नाही, मामाचा पाय येतो.

आता कागदांकडं येतो. पहिला कॅम्प दक्षिण आफ्रिकेतलाच होता. सिंहाची हमी! मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, हमी दिसली की आधी संशय घ्यायचा हे अंगात मुरलंय. त्या देशात पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून मारायला देण्याचा धंदा चालत आलाय. त्याच पठडीतलं हे प्रकरण दिसलं. बाजूला ठेवलं. याबद्दल भाच्याचंही दुमत नव्हतं.

दुसरा नामिबियातला, आणि इथं मी अडकलो. कारण तो वाईट म्हणावा असा नव्हता. तिकडं १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ पासून गावकऱ्यांच्या 'कॉन्झर्वन्सी' उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या सोसायटीसारखं समजा. त्या भागात राहणारे लोक सभासद, हद्द ठरलेली, कमिटी निवडलेली आणि हद्दीतल्या जनावरांपासून येणाऱ्या उत्पन्नावर त्यांचा हक्क. किती जनावरं मारायची याचा कोटा सरकारी खात्याकडून मंजूर होतो. शिकारी माणूस रोजचं भाडं वेगळं भरतो आणि मारलेल्या जनावरामागं फी वेगळी. नुसतं बघायला बसणाऱ्याला कमी दर. म्हणजे माझा दर! त्या पैशातून गावचे राखणदार पगार घेतात, मांस गावात वाटलं जातं. काल चोरून मारणारा आज राखण करतो, कारण जिवंत कळप हे त्याचं तारण झालंय. जिथं कॅमेरावाले पर्यटक फिरकत नाहीत अशा वाळवंटी मुलखात दुसरं उत्पन्न तरी कुठलं, हाही सवाल आहेच.

हे वाचताना मला मामा आठवत राहिला. मामा त्या सोसायटीचा सभासद असता तर?

तुम्ही म्हणाल, सगळं इतकं सरळ असतं का? नसतं. २०१५ साली झिंबाब्वेत सेसिल नावाच्या सिंहाला आमिष दाखवून ह्वांगे नॅशनल पार्कच्या बाहेर काढलं आणि एका अमेरिकन दाताच्या डॉक्टरनं बाणानं मारला. गळ्यात संशोधकांचा पट्टा असलेला सिंह. जगभर बोंब झाली. कागदावर कोटा असला म्हणजे आत सगळं स्वच्छ असतं, असं बँकेत काम केलेला माणूस तरी म्हणणार नाही.

आणि आपण नाकं मुरडण्याआधी आपल्या दारात बघू. कोल्हापूर दरबारनं हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले होते, आपल्याकडचे मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणवले होते. शेवटी १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली नामिबियातूनच आठ चित्ते आणून कुनोत सोडावे लागले. ज्या देशाला आमच्या घरात 'शिकारी देश' म्हणून नावं ठेवली जातात, त्याच देशानं आपल्याला जनावरं दिली. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून काय पोराच्या हातात बंदूक द्यायची?" तिचंही बरोबर.

दाजीपूर तर आपलं जवळचं. निपाणीहून मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, पुढं दाजीपूर. निपाणी ब्रँचला असताना कितीदा गेलोय. तेही संस्थानचं शिकारीचं राखीव रानच. १९५८ साली तिथं गव्यांचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. राजाला शिकार हवी होती म्हणून रान राहिलं आणि रान राहिलं म्हणून आज गवा आहे. हे कबूल करायला जड जातं, पण करायला हवं. त्या राखीव रानात भोवतालच्या गावांना काय मिळालं, हा प्रश्न मात्र तेव्हाही कुणी विचारला नाही आणि आजही गवा उसात शिरला की शेतकरी एकटाच ओरडतो.

आणि ऑगस्ट २०२२ विसरलात का? जाधवनगरात बिबट्या दिसला, मग रेसकोर्सच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. शाळा बंद, सकाळचं फिरणं बंद. सक्रेबैलूहून हत्ती आणले, तरी तो सापडला नाही तो नाहीच. त्या दिवसांत याच ग्रुपवर काय काय लिहिलं होतं आपण! "सरळ गोळी घाला" असं लिहिणाऱ्यांत मीही होतो, नातू घरी अडकला होता म्हणून. चार आठवडे बिबट्या दारात होता तर आपली दया आटली. खानापूरचा शेतकरी तर जन्मभर अशा शेजाऱ्यांबरोबर राहतो.

शिकार इथं परत सुरू करा असं मी म्हणत नाही. १९७२ चा कायदा झाला हे फार चांगलं झालं. आपल्या गर्दीत आणि आपल्या कारभारात कोट्याचं काय होईल ते सांगायला नको. पण सुट्टीत 'जंगल रिसॉर्ट' निवडताना आपण काय बघतो? स्विमिंग टँक आहे का, रेन डान्स आहे का, जेवणात फिश आहे का. त्या गावची पोरं तिथं गेटवर शिट्टी फुंकायला असतात, तेवढीच. अशा ठिकाणी दोन रात्री राहून आलेल्या माणसाला नामिबियातल्या शिकारी कॅम्पला पापी म्हणायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. कुणाला राग आला तर येऊ दे.

तिसरा कॅम्प केनियातला. त्या देशात १९७७ पासून शिकार बंद. मसाई मारा राखीव जंगलाला लागून मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. त्या एकत्र करून कॉन्झर्वन्सी केल्यात आणि कॅम्पवाले जमीनमालकांना भाडेपट्ट्याचे पैसे देतात. फक्त कॅमेरा, बंदूक नाही. भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. महाग आहे, नामिबियाच्या बघ्या दरापेक्षा बराच जास्त.

मी भाच्याला लिहून कळवलं: पहिला नको. दुसऱ्याला मी नाव ठेवणार नाही, तू तुझ्या मुलाला घेऊन अठरानंतर जा, त्याला स्वतःला कळू दे. मी मात्र त्या शेकोटीपाशी बसू शकणार नाही. तिसऱ्याला येतो, माझा आणि हिचा खर्च मी एफडी मोडून देतो. पण बुक करण्याआधी कॅम्पवाल्याला दोन गोष्टी विचार. जमिनीचं भाडं पर्यटक आले नाहीत तरी मिळतं का, आणि जनावरानं राखणदाराला जखमी केलं तर दवाखान्याचं बिल कोण भरतं.

भाच्यानं मेल केलाय. पहिल्याचं उत्तर आलं, भाडं मिळतं म्हणे. दुसऱ्याचं अजून आलेलं नाही. पोरगं माझ्याशी बोलत नाही. बहीण म्हणते, दांडेलीलाच जाऊन येऊ, एवढा खर्च कशाला.