ग्राफिक्स कार्डाची निवड : आकडे आणि गरज

व्यापारी कुटुंबाला यंत्रखरेदी नवी नाही. तराजू असो वा यंत्रमाग, चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय आपण बयाणा देत नाही. अलीकडे मात्र घरातील तरुण पिढी अशा वस्तूंची मागणी करते, ज्यांची नावेही ज्येष्ठांच्या परिचयाची नसतात. ग्राफिक्स कार्ड ही त्यांपैकी एक. दागिन्यांचे त्रिमितीय आराखडे, कापडावरील नक्षी, चित्रफितींचे संपादन आणि संगणकावरील खेळ या सर्वांसाठी ते लागते, आणि उच्च श्रेणीतील कार्डाची किंमत लाखाच्या घरात जाते. अशा वेळी वडीलधारी मंडळी 'एवढे महाग कशाला?' म्हणून विषय मिटवतात, किंवा 'तुला कळते ते घे' म्हणून मोकळी होतात. पहिल्या उत्तराने मुलाचा उत्साह खचतो, दुसऱ्याने घरातला पैसा जातो. विचार मात्र दोन्हींत नाही.

तो कसा करावा हे पाहण्यासाठी एकाच काळात बाजारात आलेली दोन कार्डे घेऊ. एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. अमेरिकेतील जाहीर किंमत १,५९९ डॉलर. एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. किंमत ९९९ डॉलर. त्यानंतर नवी कार्डे आली, जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आले. तरीही तुलनेची रीत शिकण्यास ही जोडी उत्तम आहे.

माहितीपत्रकात प्रथम डोळ्यांत भरतो तो गणन-घटकांचा, म्हणजे कोअरचा आकडा. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आहेत, तर ७९०० एक्सटीएक्समध्ये ६,१४४. पाहणाऱ्यास वाटते, पहिले कार्ड अडीच पटींहून अधिक बलवान. परंतु दोन पेढ्यांतील गुमास्त्यांची संख्या मोजून त्यांच्या उलाढालीचा अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक गुमास्ता किती काम उरकतो हेही पाहावे लागते. दोन्ही कार्डांचा वेग जवळपास सारखा, सुमारे २.५ गिगाहर्ट्झ आहे. मात्र एएमडीचा घटक, आज्ञावली अनुकूल असेल तेव्हा, एका वेळी दुप्पट आकडेमोड करू शकतो. म्हणून सैद्धान्तिक कमाल क्षमता मोजली, तर ४०९० ची सुमारे ८२.६ टेराफ्लॉप्स आणि ७९०० एक्सटीएक्सची सुमारे ६१.४ टेराफ्लॉप्स भरते. अडीच पटींचे अंतर एक-तृतीयांशावर आले. त्यातही 'अनुकूल असेल तेव्हा' ही अट प्रत्येक कामात पाळली जातेच असे नाही.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. वस्तू अनेकधर्मी असते आणि प्रत्येक विधान एका विशिष्ट नयाने केलेले असते, हे अनेकांताने आपल्याला शिकविले आहे. माहितीपत्रकातील प्रत्येक आकडा खरा असतो, पण तो एका नयाने खरा असतो. त्यालाच पूर्ण सत्य मानले की फसगत होते.

आता स्मृती पाहू. दोन्ही कार्डांत २४ जीबी स्मृती आहे. हे कार्डाचे कोठार. आराखड्याचा सारा माल त्यात मावला पाहिजे. न मावल्यास काम मंदावते किंवा थांबते. कोठारातून माल ने-आण करण्याचा वेग ४०९० मध्ये सेकंदाला १,००८ जीबी आणि ७९०० एक्सटीएक्समध्ये ९६० जीबी आहे. सुमारे पाच टक्क्यांच्या या फरकासाठी सहाशे डॉलर अधिक मोजण्याचे कारण नाही.

खरा फरक अन्यत्र आहे. हिऱ्याच्या पैलूंतून प्रकाश कसा वळतो आणि परततो, हे चित्रात दाखविण्यासाठी संगणक प्रत्येक किरणाचा मार्ग मोजतो. या कामात ४०९० स्पष्टपणे पुढे आहे. शिवाय एनव्हिडियाची कूडा ही प्रणाली २००७ पासून प्रचलित असल्याने अनेक व्यावसायिक आज्ञावल्या तिच्याच आधाराने लिहिल्या गेल्या. ब्लेंडर ही मुक्त आज्ञावली दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालते. काही आज्ञावल्यांची वेगवान पद्धत मात्र केवळ एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालते. म्हणून आपल्या मुलाला वा मुलीला पहिला प्रश्न विचारावा तो हा : 'तू कोणती आज्ञावली वापरतोस, आणि तिला कोणते कार्ड चालते?' काम केवळ साध्या आराखड्यांचे असेल, तर या दोहोंपैकी एकाचीही गरज नाही. निम्म्याहून कमी किमतीचे कार्ड पुरते.

विजेचा हिशेबही मांडावा. ४०९० ची कमाल गरज ४५० वॅट, तर ७९०० एक्सटीएक्सची ३५५ वॅट. दिवसाला आठ तास पूर्ण भाराने काम केल्यास अनुक्रमे ३.६ आणि २.८४ युनिट वीज लागेल. वर्षाचे ३०० दिवस धरले तर फरक २२८ युनिटांचा. दहा रुपये युनिट मानल्यास २,२८० रुपये. मात्र अधिक वेगाचे कार्ड तेच काम लवकर संपवीत असेल, तर हा फरक घटेल किंवा उलटेलही. येथेही नय बदलला की उत्तर बदलते.

दोषही दोन्हींकडे होते. ४०९० चा वीजजोड वितळल्याच्या तक्रारी २०२२ च्या अखेरीस आल्या. जोड पूर्ण न बसविणे हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे कंपनीने सांगितले. एएमडीच्या स्वतःच्या बनावटीच्या काही कार्डांत शीतकरणाचा दोष निघाला आणि कंपनीने तो मान्य केला. म्हणून वापरलेले कार्ड घेताना जोड तपासावा आणि ते तासभर पूर्ण भाराने चालवून पाहावे. ४०९० चे कंपनीचे मूळ कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे; ते आपल्या संगणकाच्या पेटीत मावेल का, हेही मोजून घ्यावे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. भारतात कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो. खरेदी पेढीच्या कामासाठी असेल, तर पेढीच्या जीएसटी क्रमांकाचे बिल घेतल्यास या कराची वजावट मिळू शकते. घरच्या खेळासाठी घेतलेले कार्ड पेढीच्या नावे दाखविणे मात्र कायद्याला धरून नाही आणि अचौर्याच्या अणुव्रतालाही नाही. परदेशातील नातेवाइकांकरवी आणलेल्या कार्डाची हमी येथे चालेलच असे नाही. ते लेखी विचारून घ्यावे.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते, वस्तू नंतर येते. खरेदीतही हाच क्रम ठेवावा. प्रथम काम कागदावर लिहावे, मग रकमेची मर्यादा ठरवावी आणि त्यानंतरच माहितीपत्रक उघडावे. क्रम उलटला की आकडे गरज निर्माण करू लागतात. वडील आणि मुले हा कागद एकत्र बसून लिहितील, तर घेतलेले कार्ड कोणतेही असो, त्यावरून घरात वाद उरणार नाही.